पायरेट्सचा हिवाळा : पिचर देऊन बॅटर घेण्याच्या बाजूने

पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल संघाने यंदाच्या, म्हणजे २०२५-२६ च्या, हिवाळ्यात आपले दोन पिचर (चेंडू टाकणारे खेळाडू) दुसऱ्या संघांना देऊन टाकले, त्यांच्या बदल्यात फलंदाज आणले, आणि शिवाय मोकळ्या बाजारातून एका फलंदाजाशी दोन वर्षांचा, या संघाच्या मानाने चांगलाच भारी करार केला. या निर्णयांवरून चाहत्यांमध्ये सरळ दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे असे की, पुढची कित्येक वर्षे कमी पगारात खेळू शकणारे पिचर हातचे घालवणे म्हणजे पेरणीसाठी ठेवलेले बियाणे विकून दोन दिवसांची चैन करणे होय. दुसरा तट विचारतो की, धावा करणारे कोणी नसेल तर पिचरांनी करायचे तरी काय? मी ठामपणे दुसऱ्या तटात आहे आणि का आहे, ते येथे सविस्तर लिहितो आहे.

सोलापूरच्या माणसाचा पिट्सबर्गशी संबंध काय, असे नव्या वाचकाला वाटेल. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू भारतात झालेल्या चेंडूफेकीच्या एका स्पर्धेतून पुढे आले आणि नोव्हेंबर २००८ मध्ये पायरेट्सनी त्यांच्याशी करार केला. शाळेत सॉफ्टबॉल खेळलेल्या माझ्यासारख्यांना ती बातमी फार मोठी वाटली होती. त्या दोघांपैकी कोणीच मेजर लीगपर्यंत, म्हणजे तिकडच्या सर्वोच्च लीगपर्यंत, पोहोचले नाही. दिनेश लवकर परतला, रिंकू अनेक वर्षे दुय्यम लीगमध्ये झगडून पुढे व्यावसायिक कुस्तीकडे वळला. मी मात्र तेव्हापासून या संघाचाच राहिलो. हा संघ शेवटचा विजेता ठरला १९७९ साली. १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षे त्याने जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने जास्त होते. २०१३, २०१४ आणि २०१५ या तीन वर्षांत तो बाद फेरीत पोहोचला आणि त्यानंतर आजपर्यंत एकदाही नाही.

आता थोडे नियमांविषयी, कारण आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकाला ही व्यवस्था वेगळी वाटेल. मेजर लीगमध्ये लिलाव नसतो आणि संघाच्या एकूण खर्चावर कडक मर्यादाही नसते. ठरावीक रकमेच्या वर गेल्यास कर भरावा लागतो, एवढेच. खेळाडू मेजर लीगमध्ये आला की पहिली सहा वर्षे त्याच्यावर त्या संघाचा हक्क असतो. त्यातली साधारण पहिली तीन वर्षे तो किमान पगाराच्या आसपास खेळतो, आणि तो किमान पगार २०२६ साठी ७ लाख ८० हजार डॉलर आहे. पुढची तीन वर्षे पगार वाटाघाटीने किंवा लवादापुढे ठरतो, आणि मग तो मोकळा होऊन कोणत्याही संघाकडे जाऊ शकतो. म्हणून छोट्या उत्पन्नाच्या संघाला उत्तम खेळाडू स्वस्तात मिळण्याची मुदत ठरलेली असते, आणि ती मुदत कशी वापरायची याचे निर्णय हंगाम संपल्यापासून फेब्रुवारीत सरावशिबिर सुरू होईपर्यंतच्या काळात होतात. आमच्याकडे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचा गड्डा भरतो, होम मैदानावर पाळणे उभे राहतात, त्याच दिवसांत तिकडे संघाची अर्धीअधिक घडण ठरून जाते. मला हा काळ सामन्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण एप्रिलमध्ये मैदानावर जे चुकते ते बहुतेक वेळा जानेवारीत चुकलेले असते.

पायरेट्सची ही मुदत म्हणजे पॉल स्कीन्स. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पहिल्याच क्रमांकावर निवडलेला हा उजव्या हाताचा पिचर ११ मे २०२४ रोजी पहिला सामना खेळला, त्या वर्षी दर नऊ इनिंगमागे सरासरी १.९६ धावा देऊन नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि २०२५ मध्ये १.९७ च्या सरासरीने, २१६ बळी घेऊन, एकमताने साय यंग या सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराचा मानकरी झाला. त्याच्यावर संघाचा हक्क २०२९ पर्यंत आहे. या असामान्य वर्षात त्याच्या नावावर विजय किती? दहा. आणि पराभव? तेही दहाच.

याचे कारण एका सामन्यात स्वच्छ दिसते. १८ मे २०२५, रविवार, फिलाडेल्फियातला दुपारचा सामना. आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजून पाच मिनिटे झाली होती, आणि मे महिन्यातल्या सोलापूरच्या उकाड्यात तशीही लवकर झोप लागत नाही. स्कीन्सने आठ इनिंग टाकल्या, तीन हिट दिले, नऊ जणांना बाद केले आणि एकच धाव दिली. फिलाडेल्फिया पुढे असल्याने यजमानांना नवव्या इनिंगमध्ये फलंदाजी करावीच लागली नाही. त्यामुळे आठ इनिंगमध्येच त्याचा कारकिर्दीतला पहिला पूर्ण (एकट्याने शेवटपर्यंत टाकलेला) सामना नोंदवला गेला. आपली शेवटची इनिंग संपवून तो शांतपणे डगआउटमध्ये जाऊन बसला आणि समोर आपले फलंदाज एकामागून एक परत येताना पाहत राहिला. समोरचा पिचर मिक एबल हा त्या दिवशी मेजर लीगमधला पहिलाच सामना खेळत होता, आणि त्याने सहा इनिंगमध्ये आमचे नऊ फलंदाज बाद केले. सामना १-० असा गेला. मला त्या रात्री जो संताप आला तो एका सामन्याचा नव्हता. जगातला एक सर्वोत्तम पिचर हाताशी असताना त्याच्यासाठी दोन धावांची सोय करता येत नाही, याचा होता.

संपूर्ण हंगामाचे आकडेही हेच सांगतात. १६२ सामन्यांत पायरेट्सनी ५८३ धावा केल्या आणि ११७ होमरन मारले. दोन्ही बाबतींत तीस संघांत ते शेवटचे ठरले. संघात सर्वाधिक होमरन ओनील क्रूझचे होते, अवघे वीस, आणि त्याचीही फलंदाजीची सरासरी (किती संधींत हिट मिळाला त्याचे प्रमाण) .२०० इतकी खाली होती. पिचिंगमध्ये मात्र हाच संघ पहिल्या काही संघांत गणला जात होता. ७१ विजय आणि ९१ पराभव हा हिशोब या विषमतेतून आला. मे महिन्यात व्यवस्थापक डेरेक शेल्टन यांना काढून डॉन केली यांना नेमले, तेव्हा कामगिरी थोडी सुधारली. पण व्यवस्थापक कितीही चांगला असला तरी त्याला हातात दिलेल्या फलंदाजांतूनच क्रम लावावा लागतो.

हे फलंदाज कोणी दिले, तर त्याआधीच्या हिवाळ्याने दिले. २०२४-२५ च्या त्या हिवाळ्यात, स्कीन्सच्या पहिल्या झळझळीत वर्षानंतर, संघाने काय केले? टॉमी फॅम याच्याशी ४० लाख २५ हजार डॉलरचा, ॲडम फ्रेझरशी १५ लाख २५ हजारांचा, अँड्र्यू हीनी या पिचरशी ५२ लाख ५० हजारांचा आणि जुन्याजाणत्या अँड्र्यू मॅकचनशी ५० लाखांचा करार केला. सगळे एकेका वर्षाचे. वयाच्या तिशीच्या मध्यावर आलेल्या, उतरणीला लागलेल्या खेळाडूंकडून थोडीथोडी मदत गोळा करण्याचा तो प्रयत्न होता, आणि तो फसणार हे सरावशिबिराआधीच दिसत होते. जुलै-ऑगस्टपर्यंत फ्रेझर कॅन्सस सिटीला गेला होता आणि हीनीला मोकळे केले गेले होते. त्या हिवाळ्यातला एकच निर्णय टिकला: लुईस ऑर्टिझ हा पिचर आणि दोन उमेदवार देऊन पहिल्या बेसवर आणलेला स्पेन्सर हॉर्विट्झ. मनगटाच्या शस्त्रक्रियेमुळे तो उशिरा मैदानात उतरला, तरी त्याने .२७२ ची सरासरी राखली. पिचर देऊन बॅटर आणलेला तोच एक सौदा उपयोगी पडला, हे यंदाच्या निर्णयांकडे पाहताना विसरता येत नाही.

यंदा सरव्यवस्थापक बेन चेरिंग्टन यांनी सुरुवातच वेगळी केली. काइल श्वार्बरसारख्या पहिल्या रांगेतल्या फलंदाजासमोर पायरेट्सनी चार वर्षांचा मोठा प्रस्ताव ठेवल्याच्या बातम्या आल्या. श्वार्बर शेवटी पाच वर्षांच्या १५ कोटी डॉलरवर फिलाडेल्फियातच राहिला, आणि ते अपेक्षितही होते. तरीही मालक बॉब नटिंग यांच्या काळात या संघाचे नाव अशा फलंदाजाबरोबर गंभीरपणे घेतले जाणे हीच नवी गोष्ट आहे. मी मात्र प्रस्तावांना गुण देत नाही. गुण द्यायचे ते सह्या झालेल्या करारांना, आणि त्यात पहिला येतो रायन ओहर्न.

दोन वर्षे, २ कोटी ९० लाख डॉलर. मोठ्या शहरांच्या संघांना ही रक्कम किरकोळ वाटेल, पण पायरेट्सनी मोकळ्या बाजारातून कोणाशी एकापेक्षा अधिक वर्षांचा करार केला तो त्याआधी डिसेंबर २०१६ मध्ये, पिचर इव्हान नोव्हाशी. मधली नऊ वर्षे या संघाने प्रत्येक आलेल्या खेळाडूला एका वर्षाच्या वायद्यावर ठेवले. ओहर्न डावखुरा आहे, बत्तिशीत आहे, पहिला बेस आणि कोपऱ्याचे आउटफिल्ड सांभाळतो, आणि गेल्या वर्षी बाल्टिमोरकडून खेळताना प्रथमच ऑल-स्टार संघात निवडला गेला; हंगामाच्या मध्यात सॅन डिएगोला गेल्यानंतरचे धरून त्याचे सतरा होमरन आणि .२८१ ची सरासरी झाली. तो स्वैर बॅट फिरवत नाही, चेंडू पाहून घेतो, वॉक (चार वाईट चेंडूंवर मिळणारा फुकटचा पहिला बेस) मिळवतो. ज्या संघात दर दुसरा फलंदाज पहिल्या तीन-चार चेंडूंतच संपतो, तिथे असा एक माणूस चौथ्या-पाचव्या क्रमांकावर असणे फार मोलाचे आहे. हा मला यंदाचा सर्वांत उत्तम निर्णय वाटतो, कारण यात पैशाशिवाय काहीच गेले नाही.

खरा वाद आहे तो ब्रँडन लोच्या सौद्यावर. १९ डिसेंबरला तीन संघांमध्ये देवाणघेवाण झाली. पायरेट्सनी माइक बरोज हा पिचर ह्यूस्टनला दिला आणि त्यांना टँपा बेकडून सेकंड बेसवर खेळणारा लो, आउटफिल्डर जेक मँगम आणि वेगवान डावखुरा रिलीफ पिचर (सामन्याच्या मध्यात बदली म्हणून येणारा) मेसन माँटगोमेरी असे तिघे मिळाले. बरोजने गेल्या वर्षी आपल्या पहिल्याच पूर्ण मोसमात ९६ इनिंगमध्ये ३.९४ ची सरासरी राखली होती आणि त्याच्यावर २०३१ पर्यंत हक्क राहिला असता. लो याचा करार २०२६ च्या अखेरीस संपतो, आणि त्याचा यंदाचा पगार आहे १ कोटी १५ लाख. म्हणजे सहा वर्षे देऊन एक वर्ष घेतले, असा सरळ हिशोब विरोधक मांडतात.

माझे सॉफ्टबॉलचे सर, आता निवृत्त झालेले आणि अजूनही रोज संध्याकाळी पार्क मैदानाकडे फेरी मारणारे, याच मताचे आहेत. "असं नसतंय बाळा," ते मला म्हणाले, "बॅटर आज मारतोय, उद्या मारत नाही. पिचर चांगला असला तर रोज सामन्यात ठेवतोय तुला. तो कसा काय सोडायचा?" मी त्यांना म्हटले, "सर, पण आपल्याकडे पिचर किती आहेत ते तरी मोजा." आणि मोजून दाखवले. स्कीन्स, पाच वर्षांच्या ७ कोटी ७० लाखांच्या करारावर असलेला मिच केलर, गेल्या ऑगस्टमध्ये आलेला आणि प्रचंड वेगाचा बब्बा चँडलर, पहिल्याच वर्षी छाप पाडणारा ब्रॅक्स्टन ॲशक्राफ्ट, कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर परतीच्या वाटेवर असलेला जॅरेड जोन्स. पाच जागा आणि पाच नावे, आणि त्याखाली दुय्यम लीगमध्ये आणखी काही डावखुरे-उजवे वाट पाहत आहेत. बरोज या रांगेत सहावा होता. सहाव्या पिचरला धरून ठेवायचे आणि दुसऱ्या बेसवर पुन्हा कमकुवत फलंदाजी सोसायची, यात शहाणपण नाही. सरांनी मान हलवली, पण त्यांचे समाधान झाले नाही. "पिचरचा कोपर कधी जाईल सांगता येत नाही," एवढे म्हणून त्यांनी विषय संपवला. त्यांचा हा मुद्दा खराच आहे, जोन्सचे उदाहरण समोर आहे. पण तोच मुद्दा उलट बाजूनेही लागू होतो: कोपर कधी जाईल याची खात्री नसलेल्या वस्तूचा साठा करून ठेवण्यापेक्षा ती चांगली असतानाच तिचा उपयोग करून घेतलेला बरा.

लोविषयी माझी एक शंका मात्र आहे. त्याने गेल्या वर्षी ३१ होमरन मारले, पण चक्रीवादळात टँपा बेच्या मैदानाचे छत उडाल्यामुळे तो संघ ते वर्ष स्टाइनब्रेनर फील्डवर खेळला, आणि यँकी स्टेडियमच्या मापांवर बांधलेल्या त्या मैदानाची उजवी बाजू डावखुऱ्या फलंदाजांना फार सोयीची आहे. पिट्सबर्गच्या पीएनसी पार्कमध्येही उजवीकडची रेषा ३२० फुटांवरच संपते, डावीकडे मात्र मैदान आत ४१० फुटांपर्यंत खोल जाते. त्यामुळे तिथेही डावखुऱ्यालाच फायदा आहे. फरक आहे तो भिंतीचा. उजवीकडची भिंत २१ फूट उंच आहे, आणि ती उंची रॉबर्टो क्लेमेंटे यांच्या २१ क्रमांकाच्या स्मरणार्थ ठेवलेली आहे. निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना ३१ डिसेंबर १९७२ रोजी विमान अपघातात गेलेला, बरोबर तीन हजार हिट नावावर असलेला हा खेळाडू या संघाचा प्राण होता. लोचे जे फटके उंच जातात ते या भिंतीवरूनही जातील. जे सरळ रेषेत, कमी उंचीने जातात त्यांतले काही तिला आपटून डबल होतील. ३१ चे २५ झाले तरी तो आमचा पहिल्या क्रमांकाचा होमरन मारणारा असेल, आणि क्षेत्ररक्षणात तो जे थोडे देऊन बसेल ते सोसता येईल.

मँगमविषयी फारसे बोलले जात नाही, पण मला तो आवडतो. दोन्ही हातांनी फलंदाजी करणारा, एकोणतिसाव्या वर्षी मेजर लीगमध्ये आलेला आणि पहिल्याच मोसमात .२९६ ची सरासरी व सत्तावीस बेसचोऱ्या नोंदवणारा हा माणूस आहे. ताकद नाही, पण चेंडू बॅटला लागतो.

दुसऱ्या सौद्यात योहान ओविएडो बोस्टनला गेला आणि त्याच्या बदल्यात मुख्यत्वे जोस्टिन्सन गार्सिया हा तेवीस वर्षांचा आउटफिल्डर आला. नाव लिहायला इतके अवघड की तिकडे त्याला 'पासवर्ड' म्हणतात. ओविएडोवर दोनच वर्षांचा हक्क उरला होता आणि त्याचे २०२४ चे सबंध वर्ष कोपराच्या शस्त्रक्रियेत गेले होते. गार्सियावर सहा वर्षांचा हक्क आहे. जे लोक बरोजच्या सौद्यात वर्षे मोजतात त्यांनी इथेही मोजावीत. हा मुलगा अजून कच्चा आहे, ब्रेकिंग बॉलवर (वळणाऱ्या चेंडूवर) फार फसतो, आणि कदाचित निम्मा हंगाम त्याला ट्रिपल-एमध्ये, म्हणजे दुय्यम लीगच्या सर्वांत वरच्या पायरीवर, काढावा लागेल. पण तो उजव्या हाताचा फलंदाज आहे, आणि माझ्या मते या संघाची पुढची गरज तीच आहे.

ही गरज जरा उलगडून सांगायला हवी. हॉर्विट्झ डावखुरा, क्रूझ डावखुरा, लो डावखुरा, ओहर्न डावखुरा. कर्णधाराच्या वजनाचा ब्रायन रेनॉल्ड्स दोन्ही हातांनी खेळतो. समोर उजव्या हाताचा पिचर असेल तर हा क्रम चांगलाच भीतिदायक आहे. पण डावखुऱ्या फलंदाजाला डावखुरा पिचर सहसा जड जातो; तसा पिचर आला की क्रूझची बॅट जवळजवळ नाहीशी होते, हे गेल्या वर्षी सगळ्यांनी पाहिले. प्रतिस्पर्धी व्यवस्थापक सातव्या इनिंगमध्ये एक डावखुरा रिलीफ पिचर आणेल आणि आमचे चार फलंदाज त्याच्यासमोर ओळीने उभे राहतील. कॅचर हेन्री डेव्हिस उजव्या हाताचा आहे, २०२१ च्या ड्राफ्टचा पहिला क्रमांक आहे, स्कीन्सचे चेंडू तो उत्तम झेलतो, पण .१६७ च्या सरासरीवर कोणता व्यवस्थापक त्याला आठव्या क्रमांकाच्या वर आणील? त्यामुळे संघ आता थांबला, तर केलेल्या कामातला मोठा भाग वाया जाईल.

कॉनर ग्रिफिन हे याचे उत्तर आहे, असे अनेक जण म्हणतात. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये नववा, मिसिसिपीतल्या शाळेतून थेट आलेला हा शॉर्टस्टॉप गेल्या वर्षी दुय्यम लीगच्या तीन पायऱ्यांवर मिळून .३३३ ची सरासरी, २१ होमरन आणि ६५ बेसचोऱ्या नोंदवून बसला. उजव्या हाताचा आहे. येत्या २४ एप्रिलला वीस वर्षांचा होईल. त्याला मार्चअखेर पहिल्याच सामन्यात उतरवायचे की काही आठवडे ट्रिपल-एमध्ये ठेवायचे, हा प्रश्न संघाने निव्वळ खेळ पाहून सोडवावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. स्कीन्सच्या वेळी त्याला मे महिन्यापर्यंत खाली ठेवले गेले. पण नव्या करारानुसार सर्वोत्तम नवोदितांच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्या खेळाडूला पूर्ण वर्षाची सेवा धरली जाते, त्यामुळे एक जादा वर्ष मिळण्याचा फायदा झालाच नाही; आणि सुरुवातीपासून मुख्य संघात असता तर त्याच्या पुरस्काराबद्दल संघाला ड्राफ्टमधली जी जादा निवड मिळू शकली असती, तीही हुकली. वर एप्रिलमधले त्याचे सामने गेले ते गेलेच. ग्रिफिन गेल्या हंगामापर्यंत डबल-एच्या (ट्रिपल-एखालच्या पायरीच्या) वर खेळलेलाच नव्हता, म्हणून मी स्वतः त्याला सुरुवातीला ट्रिपल-एमध्ये ठेवीन. पण सरावशिबिरात त्याने मोठ्या पिचरांचे चेंडू नीट ओळखले, तर दिवस मोजत बसू नये.

अँड्र्यू मॅकचनचा प्रश्न मला लिहायला जड जातो. नॅशनल लीगचा २०१३ चा सर्वोत्तम खेळाडू, वीस वर्षांच्या पराभवांनंतर या शहराला बाद फेरी दाखवणारा माणूस, २०१८ च्या जानेवारीत दुसरीकडे दिला गेला आणि २०२३ मध्ये स्वखुशीने परत आला. आता तो एकोणचाळीस वर्षांचा आहे. गेल्या वर्षी त्याची सरासरी .२३९ आणि होमरन तेरा होते. ओहर्न आल्यामुळे केवळ फलंदाजी करणाऱ्याची जागा बहुतेक भरली आहे. मी हे लिहितो आहे तोपर्यंत संघाने त्याला ना करार देऊ केल्याचे जाहीर केले आहे, ना निरोप दिला आहे. माझे मत असे की डावखुऱ्या पिचरांविरुद्ध ठरवून खेळवायचा फलंदाज म्हणून त्याला संघाच्या सव्वीस जणांत एक जागा द्यावी, रोजच्या क्रमात नाही, आणि ही अट त्याला तोंडावर, आदराने सांगावी. तो नको असेल तर तेही त्याला तसेच सांगावे. दुसऱ्या कोणाच्या बातमीतून त्याला ते कळावे, अशी वेळ या संघाने येऊ देऊ नये.

विरोधी तटातले लोक जुने सौदे काढतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. ३१ जुलै २०१८ रोजी क्रिस आर्चर या एका पिचरसाठी पायरेट्सनी टायलर ग्लासनाउ आणि ऑस्टिन मेडोज दिले, आणि वर शेन बाझही पाठवला. तो सौदा या संघाच्या इतिहासातला सर्वांत वाईट मानला जातो. त्याच वर्षाच्या जानेवारीत गेरिट कोल ह्यूस्टनला गेला आणि तिथे जाऊन लीगमधला एक सर्वोत्तम पिचर झाला. पण या दोन सौद्यांत दिलेले पिचर दुसऱ्या दर्जाचे नव्हते. कोल पहिल्या क्रमांकाचा होता आणि ग्लासनाउ तसा होण्याच्या बेतात होता. यंदा स्कीन्स, चँडलर, ॲशक्राफ्ट, जोन्स या चौघांपैकी कोणालाही हात लावला गेलेला नाही. स्कीन्स विक्रीला नाही, हे चेरिंग्टन यांनी गेल्या मे महिन्यातच स्पष्ट केले होते. जे मोठे ते ठेवले आणि जे मध्यम ते दिले, इतका फरक तरी मान्य व्हायला हवा.

राहता राहिला तिसरा बेस. किब्रायन हेजला गेल्या जुलैत सिनसिनाटीला दिल्यापासून तिथे कायमचा कोणी नाही. जॅरेड ट्रायोलोचे क्षेत्ररक्षण अप्रतिम आहे, २०२४ चा गोल्ड ग्लव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार त्याच्याकडे आहे, पण त्याच्या बॅटमधून तिसऱ्या बेसला शोभेल इतक्या धावा येत नाहीत. ज्या संघाचा आजवरचा सर्वांत मोठा करार हा रेनॉल्ड्सचा १० कोटी ६७ लाख ५० हजारांचा आहे, त्याच्याकडे पैसे अमर्याद नाहीत, हे मी जाणतो. तरी स्कीन्स २०२६ मध्येही किमान पगाराच्या आसपासच खेळणार आहे, त्याचा लवादाचा हिशोब पुढच्या हिवाळ्यात सुरू होईल; शिवाय सध्याचा लीग आणि खेळाडूंमधला करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो, आणि त्यानंतर काय नियम येतील ते कोणीच आज धरून चालू शकत नाही. खर्च करण्यासाठी यापेक्षा मोकळे वर्ष या संघाला पुन्हा मिळणार नाही. ब्रेडेंटनचे सरावशिबिर उघडायच्या आत चेरिंग्टन यांनी तिसऱ्या बेसवर, निदान एका वर्षासाठी तरी, उजव्या हाताने जोरदार फटके मारणारा खेळाडू आणावा, आणि त्यासाठी आणखी एक मध्यम पिचर द्यावा लागला तर तोही द्यावा. ट्रायोलोने मग सातव्या इनिंगनंतर आघाडी राखायला मैदानात उतरावे.